वेढे मोजताना

मोटार भरायचं काम म्हणजे न बोलायचं काम.
एका खाचेत बेचाळीस वेढे, म्हणजे बेचाळीसच;
मध्ये कुणी "झाली का हो?" विचारलं
की तार सोडून पुन्हा एकपासून.
बारा वर्षांत तोंड मिटलेलं बरं, हे मी शिकलो.

आणि हेतल दिवसभर माझ्यापाशी.
तिची आई पावणेसहाच्या धुळे गाडीवर,
गळ्यात तिकिटाचं मशीन, पन्नास माणसांशी बोलत.

अंगणवाडीच्या बागुल ताई वजन करायला आल्या.
काटा बघितला, ठीक म्हणाल्या.
मग पोरीच्या मागे उभं राहून डबा वाजवला.
तिनं वळून पाहिलं.
"कान चांगले आहेत भाऊ.
पण कानात पडतं काय दिवसभर?"
मी दुकानाकडे पाहिलं.
ग्राइंडर. हातोडी. बोरीच्या पुलावरचे ट्रक.
"जे करता, तेच तिला सांगत जा."
कोणत्या भाषेत? मी विचारलं.
"ज्या भाषेत भांडता, त्याच."

पहिले काही दिवस लाज वाटली.
दीड वर्षाच्या पोरीशी काय बोलायचं,
गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना?
हाई तार शे, म्हणालो. तांबानी तार.
हाऊ कागद शे.
ती तारेकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघे,
जणू ओठांमागे काही ठेवलंय
आणि मी देत नाहीये.

वेढेसुद्धा मोठ्यानं मोजू लागलो.
दहा झाले की तिच्या तळव्यावर एक टिचकी.
चुकलो. पुष्कळदा चुकलो.
पिंपळ्याच्या एकाची पाच एचपीची मोटार
तीनदा उकलली.

संध्याकाळी पऱ्हाट्यांवर वांगी टाकली.
तापेल शे, म्हणालो, हात मागे ओढून फुंकर मारली.
दुसऱ्या दिवशी तिनं चहाच्या कपाला फुंकर मारली.
तिसऱ्या दिवशी शिळ्या बट्टीलाही.

ताईंना सांगितलं, फुशारकीनंच.
त्या म्हणाल्या, तुमच्या हाताकडे बघून करत असेल.
हात न हलवता सांगून बघा एकदा.
मी हात खिशात घातले.
चप्पल दे, म्हणालो.
तिनं खिशाकडे पाहिलं.

मग कपाशीची दुसरी वेचणी झाली,
मोटारींची गर्दी वाढली,
बोलायची सवय मात्र मोडली नाही.

काल व्हार्निश लावत होतो,
दोन्ही हात मनगटापर्यंत चिकट, पाठ तिच्याकडे.
तहान लागली होती, एवढंच.
सांगायचं म्हणून नाही, सवयीनं निघालं तोंडातून:
हेतू, पानी लई ये व.

ग्राइंडर बंद होता.
मागे पावलं वाजली, उंबऱ्याशी थांबली
(तो तिला बसून ओलांडावा लागतो),
मग आत, मग भांड्यांची आदळआपट,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी वळलो नाही. ब्रश खाचेत तसाच.

आली.
लोटा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.
आत थेंब नव्हता.
माठाची तोटी तिच्या डोक्याच्या वर आहे.

लोटा तिनं उंच केला आणि उभी राहिली
माझ्या तोंडाकडे बघत.
कोपरांच्या चिमट्यात धरून मी तो ओठांना लावला,
मान मागे टाकली
आणि प्यालो,
गळ्याची घाटी वरखाली करत,
शेवटपर्यंत.