नाशकि

सोमवारपासून आमच्या दुकानात
नाशिकचं नाशकि झालंय.
सिडकोचं सडिको, मिळकतीची मळिकत.
वेलांटी आपल्या अक्षरावरून उठते
आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसते.

जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन संपलं,
म्हणजे ते कधी नव्हतंच, असं पुष्कर म्हणाला.
पुष्कर माझा भाचा, पंचवटीतून येतो, घाईत येतो.
त्याने फुकटातलं नवं टाकलं, वीस मिनिटांत.
"मावशी, सगळं तेच आहे, फक्त बटणं इकडची तिकडे."
चहा न घेता गेला.

सगळं तेच आहे.
फक्त स्टॅम्पपेपरवर मजकूर तीन ओळी वर सरकला
आणि "लिहून देणार" थेट सिंहांच्या तोंडावर बसला.
फक्त भाडेकराराची सही
एकटीच पाचव्या पानावर गेली,
शेवटची बस चुकलेली बाई
मेळा स्टँडवर उभी असावी तशी.
फक्त चतुःसीमेचा तक्ता फिरला:
पूर्वेस रस्ता होता तिथे आता गायख्यांचा प्लॉट,
दक्षिणेस काहीच नाही.

खैरनार अण्णांना फोन लावला, सटाण्याला.
सव्वीस वर्षं या खुर्चीत ते, मग मी.
वाटणीपत्र, हक्कसोड, सगळे नमुने त्यांचेच.
"टॅब नाही गं वापरला कधी,
टाइपरायटरवरचा माणूस मी.
जागा सोडायची तर बोटाने सोडायची.
स्टॅम्पला चौदा एंटर. सहीला बेचाळीस स्पेस.
मोजून बघ."

मी ते बटण दाबलं, न दिसणारं दाखवणारं.
पानभर ठिपके.
अंगणात रांगोळीचे ठिपके टाकून
कुणी कुकर बघायला आत जावं
आणि परत येऊच नये, असे.
मोजले. खरंच बेचाळीस.
प्रत्येक सहीच्या आधी
अण्णांचा अंगठा बेचाळीस वेळा खाली गेलेला
आणि कुणाला दिसलं नाही कधी.
दिसू नये म्हणूनच तर ते होतं.

दुपारी विसपुते आले.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं, नोटा छापायचे.
"बाई, हे बँकेने परत केलं."
मंगळवारचं प्रतिज्ञापत्र.
त्यात ते शपथेवर सांगत होते
की ते दगिंबर वसिपुते आहेत.
वर नोटरीचा लाल शिक्का, गोल, ठसठशीत.

त्यांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला, सवयीने,
आत तार शोधल्यासारखा.
"आमच्याकडे केसभर शाई सरकली तर अख्खी शीट बाद.
वेलांटी सरकलेली पहिल्यांदा बघतोय."
रागावले नव्हते. उलट रस वाटत होता त्यांना.
"हा दगिंबर कसा असेल हो?
पेन्शन कोणाची जास्त, त्याची की माझी?"

मी कोरं पान घेतलं, कुठलाही नमुना न उघडता:
मी, दिगंबर नथू विसपुते, राहणार जेलरोड, नाशिकरोड,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
दिगंबर विसपुते आणि दगिंबर वसिपुते
ही एकाच इसमाची नावे असून
तो इसम मीच आहे.

चुकीचं नाव मुद्दाम टाइप करायला वेळ लागला,
बोटं सारखी बरोबर लिहायची.
नव्या सॉफ्टवेअरने दोन्ही नावांखाली
सारखीच लाल नागमोडी रेघ ओढली.

सहीची जागा सोडायची होती.
पुष्करने दाखवलेलं बटण समोरच होतं, एका टिचकीचं.
माझा अंगठा खाली गेला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.
तेविसाला चुकले. पहिल्यापासून सुरुवात केली.
काउंटरपलीकडून विसपुते
ओठ हलवत
माझ्याबरोबर मोजत होते.