दाभोळच्या धक्क्यावर, फेरीबोट येईपर्यंत

बस गो दिलशाद. विराज, तो डबा सरकव,
ग्रीस लागेल पँटीला.
फेरीबोट अजून धोपाव्यालाच आहे,
ट्रक अडलाय वाटतं एखादा. तेवढ्यात सांगतो.

मलय की सर्बियन?
मी मास्तर नव्हे, ऑइलर. सव्वीस वर्षं इंजिनरूममध्ये,
जिथे कुठलीच भाषा धड ऐकू येत नाही,
तिथे शिकलो दोन्ही. ओठांकडे बघत.

मलयमध्ये ओहोटीला उतरावं तसं उतरता येतं,
पहिली शंभर पावलं पाणी घोट्याएवढंच.
तो, ती, ते काही नाही. माणूस कुणीही असो, दिआ.
साया दातांग: मी आलो, येतो, येईन,
आणि दिलशाद, तू म्हणालीस तर आले, येते.
काल की उद्या, ते वाटलं तर वेगळं सांगायचं.
पुष्कळ झाले की शब्द दोनदा म्हणायचा.
पण सगळेच जोडशब्द तसले नव्हेत.
पालशेतचा भिकू बोसनला रामराम करायचा,
आणि झुल्किफ्ली वर बघायचा, चहूकडे बघायचा.
त्याच्यात रामा-रामा म्हणजे फुलपाखरू.
भर समुद्रात!
आणि हाती-हाती ओरडला कुणी
तर हत्ती शोधू नका, पाय सांभाळा.

शंभर पावलांनंतर खडक लागतो.
आजार. घाबरू नका, आजार म्हणजे शिकवणं.
त्याला पुढून काही बांधलं की बलाजार, मंगाजार, पलाजार,
शिकणं, शिकवणं, शिकणारा,
आणि सोपी आहे सोपी आहे म्हणणारे
इथून माघारी फिरतात, लुंगी वर धरून.

सर्बियनला धक्क्यावरून थेट उडी.
पहिल्याच दिवशी सात विभक्त्या.
पण तुम्ही तर आठ घोकल्यात ना, सोहनी बाईंच्या छडीखाली?
ओन, ओना, ओनो: तो, ती, ते.
दिलशाद दोश्ला साम म्हणेल, विराज दोशाओ साम.
आलो की आले, दारातच विचारून घेते भाषा,
आपली घेते तशीच.
दुकानाला दुचान, साबणाला सापून, ओळखीचं वाटतं,
आणि मग रक्ताला म्हणतात क्र्व,
त्यात स्वर कुठे ठेवला ते मला अजून सापडलेलं नाही.
समुद्राला मोरे. मला आमचे पोस्टमन आठवायचे.
मिओद्राग, सेकंड इंजिनियर, त्याच्या मुलखाला समुद्रच नाही.
शब्द मात्र आहे, आणि तो सातही विभक्त्यांत चालतो.

एकदा रेडिओवाला चिठ्ठी घेऊन खाली आला.
आमची सकीना गेली होती.
चार दिवस झाले होते, माती देऊनसुद्धा.

झुल्किफ्ली म्हणाला, किता.
हे बघा, आम्ही आणि आपण
जगात फार थोड्या भाषा वेगळं ठेवतात.
कामी म्हणजे आम्ही, तू बाहेर.
किता म्हणजे आपण.
तो किता म्हणाला आणि ताटात भात वाढला,
दोघांत एकच ताट.

मिओद्राग रात्रपाळीला शेजारी येऊन उभा राहिला.
त्याच्या भाषेत ती दोन दारं नाहीत.
आम्ही असो, आपण असो, एकच शब्द: मि.
पिस्टनच्या आवाजात तो म्हणाला, मि.
थोड्या वेळाने पुन्हा, मि.
मला तेव्हा त्याची भाषा येत नव्हती.
वाटलं, याचंही कुणी गेलं असेल,
स्वतःचं सांगतोय.

विभक्त्या शिकायला घेतल्या त्या त्यानंतर.

आली बघा बोट. सुट्टे काढून ठेवा,
तो तिकीटवाला कटकट करतो.
कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा, मला नका विचारू.
शनिवारी पाचला या. वही एकच आणा, दोनशे पानी.
एकाने समोरून सुरू करायची,
दुसऱ्याने पाठीमागून.