जाणता इसम

बिलिरकिशी.
बिलिर म्हणजे जाणतो, किंवा जाणते,
तुर्की भाषेला लिंगाची पंचाईत नाही.
किशी म्हणजे इसम.
कोर्टाने नेमलेला,
दोन्ही पक्षांना मनातून नको असलेला,
दुसऱ्यांच्या वह्या वाचून त्यावर पोट भरणारा
जाणता इसम.

जुना शब्द एहलिवुकूफ.
तो म्हाताऱ्या कारकुनांच्या तोंडी तेवढा उरलेला.
आपला वाकबगार त्याच मुळाचा,
आणि त्या मुळाचा पहिला अर्थ जाणणं नव्हेच:
उभं राहणं. थांबणं.
ऑडिटर तर मुळात नुसता ऐकणारा.
हिशेबतपासनीस म्हटलं की
दारात कुणीतरी बूट वाजवतंय असं वाटतं.

शुकूफे हानम यांतला एकही शब्द वापरत नसे.
शेजारणीने विचारलं तर म्हणे, बेरजा करते.

अठ्ठ्याऐंशीचा मार्च, आयवालिकचं कोर्ट.
ऑलिव्ह तेलाच्या साबणाचा कारखाना,
वारस दोन, रुकनेत्तिन आणि फेय्याझ.
दावा धाकट्याचा:
थोरल्याने दहा वर्षं गल्ल्यातून पैसे काढले.
तिथेही वारसाला वारस म्हणतात, दाव्याला दावा,
हिश्शाला हिस्सा.
शब्दांबरोबर भांडणंही
उंटांवर लादून सगळीकडे गेली असावीत.

न्यायाधीशाचा प्रश्न दीड ओळीचा.
रक्कम बाहेर गेली का, गेली असल्यास किती.
जाणत्याने एवढंच जाणायचं.

एकोणीस वह्या. पानांना साबणाचा वास,
कडा इतक्या तेलकट की पेन्सिलीची खूण उमटेना.
तिने कीर्द खतावणीशी लावली,
खतावणी पिंपांच्या पावत्यांशी.
नावेच्या बाजूला काही नाही.
एकदा मुकादमाच्या बायकोच्या इस्पितळाचे पैसे,
एकदा वजनकाट्याची दुरुस्ती दोनदा लिहिलेली.
बाहेर काहीच गेलं नव्हतं.

जमेच्या बाजूला मात्र चार ओळी,
शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, एक्क्याऐंशी,
चारही वेळा पगाराच्या आदल्या दिवशी:
सराफाकडून.
पुढे काही नाही. व्याज नाही, परतफेड नाही.
कर्ज असं वागत नाही.

पाहणीच्या दिवशी कारखान्यात
वकील कढया मोजत होते, भाऊ वेगवेगळ्या खिडक्यांपाशी.
ती भिंतीवरच्या फोटोंपाशी राहिली.
चौऱ्याहत्तर साली त्यांची आई, मेलीहा,
नव्या चिमणीखाली,
दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, तोंडभर हसू.
ब्याऐंशी साली तीच चिमणी, तेच हसू,
जुलै महिना असून
बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली.

चौदा पानांचा अहवाल.
निष्कर्ष: रक्कम बाहेर गेल्याचं आढळत नाही.
नवव्या पानावर चार नोंदी, तारखांसह,
'स्रोताचा उल्लेख नाही.'
ती ओळ तिने तीनदा टाइप केली,
तिन्ही वेळा तशीच.
फोटोला रकाना नसतो.

निकालाच्या दिवशी जिन्यात फेय्याझने गाठलं.
हातात अहवाल, शेवटच्या पानावर दुमडलेला.
म्हणाला, बाई, खरं सांगा, तुम्हाला काय कळलं?
ती म्हणाली, नववं पान वाचा.
त्याने पान काढलं, ओठ हलवत वाचलं,
आणि विचारलं, यात आमच्या आईचा काय संबंध?

आईचं नाव तिने काढलंच नव्हतं.

मानधनाच्या पावतीवर हुद्दा छापील होता,
त्याखाली सही.
बस सुटायला चाळीस मिनिटं होती.
बाजारात एका सराफाच्या काचेसमोर
ती थांबली,
घ्यायचं काहीच नव्हतं.
आतल्या पोऱ्याने दोनदा मान वर करून पाहिलं.
म्हाताऱ्या कारकुनाने पाहिलं असतं
तर त्याच्याकडे शब्द होता.