शीग

बत्तीस वर्षं मी वजनं तपासली,
नाप-तौल विभाग, ग्वाल्हेर.
दौलतगंज, दाल बाजार,
सायकलवरून थेट मुरारच्या हाटापर्यंत.
वजनाच्या बुडाशी एक भोक असतं, भोकात शिसं,
शिशावर हातोडीनं ठसा:
साल, आणि तिमाहीचं अक्षर.
पाच ग्रॅम कमी भरलं की पावती फाडायची.
जास्त भरलं तर
त्यासाठी खात्यात छापील नमुनाच नव्हता.

हे माझ्या ध्यानात आलं
निवृत्तीनंतरच्या चौथ्या हिवाळ्यात.

जानेवारीचं धुकं, लष्करातली आमची गल्ली.
समोरच्या गॅलरीतले पाटणकर दिसत नाहीत,
नुसता त्यांचा खोकला
दोरीवर वाळत टाकल्यासारखा.
कानटोपी घालून मी भाजीला निघतो.

हरबिलास कुशवाह अजून मला जरा बिचकतो.
शहाऐंशी साली त्याच्या बापाची तागडी मी जप्त केली होती,
पारड्याखाली चुंबक.
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
तो मटार तोलतो,
काट्यावरचे हिरवे आकडे थरथरतात, ठरतात,
पैसे देऊन होतात, हिशोब मिटतो,
आणि मग
मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या, आल्याचं एक बोट
तो पिशवीत सोडतो. न तोलता.
'घलुआ है, साहब.'

आई जामनेरची. ती याला शीग म्हणायची.
पायली काठोकाठ भरली तरी थांबायचं नाही,
वर डोंगर करायचा ज्वारीचा,
दाणे घरंगळायला लागेपर्यंत.
नोकरीत मला शिकवलं:
मापावरून पट्टी फिरवा, सपाट.
फिरवली.
बाजारात, आणि कधी ते कळलं नाही, घरातही.
मुलीला शाबासकी बेतानं.
कुमुदशी बोलणं कामापुरतं.
रविवारची झोप पस्तीस मिनिटं.

आता जुन्या पावती-पुस्तकाच्या
पाठकोऱ्या पानांवर लिहितो,
वर शीर्षक: जास्त भरलेलं.

मंगळवार. साडेअकराला धुकं फाटलं.
गच्चीवर चटईएवढं ऊन, त्यात मी आणि एक मांजर.
मांजराला जास्त मिळालं. तक्रार नाही.

गुरुवार. आल्याचं तेच बोट.
ठेचल्याचा आवाज
वासाच्या दोन पावलं पुढे बाहेरच्या खोलीत आला.

शुक्रवार. निरंक.

शनिवारी वीज गेली.
पाटणकरांचा धाकटा अंधारात शीळ घालत जिना चढला,
एक सूर चुकला,
तर पठ्ठ्या खाली उतरला
आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा.
रात्री गजक. मोडताना तीळ सतरंजीवर सांडले.
रविवारी सकाळी अनवाणी पायाला लागले,
त्याची नोंद वेगळी.

कुमुदनं वही चष्म्याच्या वरून वाचली.
'म्हणजे आता सुखावर छापा का?'
आणि हसली.
सुपारीनं टवका उडालेला तिचा एक दात आहे, डावीकडे,
फक्त खरं हसली की दिसतो.
अडतीस वर्षं. कुठल्याच रजिस्टरात नाही.
मी पेन उचललं.
मग टोपण लावून ठेवून दिलं.

काल राहवलं नाही. हरबिलासला म्हटलं,
काटा तुझा किलोमागे चार ग्रॅम कमी दाखवतो,
गिऱ्हाईक फायद्यात, नुकसान तुझं.
दुरुस्त करून घे.
त्यानं मटारावर पाणी शिंपडलं,
वर न बघता म्हणाला,
'पता है, साहब.'

घरी येऊन शेंगा सोलायला बसलो.
एका शेंगेत नऊ दाणे.
मोजले, खोटं कशाला बोलू.
आठ परातीत टाकले.
नववा तोंडात.