गाठी

लकडगंजच्या आरामशीनवर मी पावत्या फाडते.
सागाचा भाव वेगळा, आडजातीचा वेगळा,
आणि मागच्या भिंतीशी ढीग असतो
बुटीबोरीहून आलेल्या पॅलेटचा,
ज्यांवर बसून कुठल्याशा थंड देशाची यंत्रं आली,
आणि यंत्रं उतरल्यावर ज्यांना कुणी विचारलं नाही.
चीड. जळणाच्या भावात. किलोला सात.

बाबा डबा द्यायला आले आणि द्यायचं विसरले.
एक फळी नाकाशी धरून उभे राहिले,
खरबूज हुंगतात तसे.
मग नखानं गाठ खरवडली. नख चिकटलं.
"रगत हाय हिच्यात," म्हणाले. "फळीत नाही. गाठीत जमते."
फळीवर डागलेला शिक्का होता, गव्हाची ओंबी,
शेजारी दोन इंग्रजी अक्षरं.
"गहू आनला होता काय यात?"
नाही बाबा. भाजून पाठवतात, कीड मरावी म्हणून.
"म्हंजे येकदा आगीतून आली हाय," ते म्हणाले,
आणि माझ्या पगारातून
बेचाळीस रुपयांच्या गाठी तोलून घेतल्या.

पारडीला आमच्या खोलीमागे
एक डोंगा पालथा पडून आहे, अठरा वर्षं.
गाव आहे अजून, तळंही आहे,
शिंगाडे ठेकेदाराचे झाले.
डोंगा बाबांनी ट्रकवर घालून आणला,
भाड्यात आईची पाटली गेली.
आई त्याच्यावर कुरड्या वाळत घालते
आणि काही बोलत नाही.

मे महिना. पारा शेहेचाळीस.
बाबांनी खड्डा खणला, एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं.
दुसऱ्यात गाठी ठासल्या, तोंडावर भोकं पाडलेली थाळी,
आणि ते उपडं घातलं पहिल्यावर, तोंडाला तोंड.
सांध्याला माती, मातीवर लुगड्याची चिंधी, पुन्हा माती.
भोवती गोवऱ्या.
त्यांचा आजा असंच बिब्याचं तेल काढायचा.
"जाळ नाही द्याचा, पोरी. धग द्याची."

भिंतीवरून गुणवंत डोकावला,
"काकाजी, सूर्य कमी पडून राह्यला काय?
अन् डांबर तं रस्त्यावर फुकटचं हाय."
"ते दगडाचं," बाबा म्हणाले. "हे झाडाचं."

चार तास बघण्यासारखं काही नव्हतं.
धूर, आणि धुराला लागलेली माझी ओढणी.
बाबा आगीपासून दोन हातांवर, कान जमिनीला लावून:
"पानी येऊन राह्यलं...
आता आंबट...
आता घट्ट."
मीही कान लावला.
मला भंडारा रोडचे ट्रक ऐकू आले.

निवण्याआधी उघडलं. घाई माझीच.
मडकं तडकलं, निम्मं मातीत गेलं.
बाबा ओरडले नाहीत. ओल्या काळ्या मातीकडे बघत राहिले.
"येवढी तापवली तिले. तिचा वाटा."
उरलं ते दोन वाट्या.
काळं, काठाशी लालसर,
वास धुराचा, मुरलेल्या लोणच्याचा,
आणि अशा एका जंगलाचा
जिथे आमच्या सात पिढ्यांत कुणी गेलं नाही.

दोन वाट्यांत डोंग्याची एक चीर बुजली.
तीही टोकापर्यंत नाही.

सोमवारी राशनच्या मशीननं
बाबांचा अंगठा घेतला नाही.
रॉकेलनं घासला, राखेनं, लिंबाच्या सालीनं.
दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात या.
आई तेव्हा बोलली. अठरा वर्षांचं बोलली.

आता ते रोज डबा आणतात,
ढिगाशी बसून फळ्या उलटतात, गाठी निवडतात.
मालकाच्या ध्यानात आलं, भाव नऊ केला.
पाच किलो, पंचेचाळीस. मी पावती पुढे करते,
ते सहीच्या जागी अंगठा टेकवतात.
शाईचा डबा मी उघडतच नाही.
खालच्या कागदावरही उतरतो, रेघ न् रेघ,
त्याच्या खालच्याही.
संध्याकाळी हिशेब लावताना
ती चिकटलेली पानं सोडवावी लागतात,
आणि मला घरी जायला उशीर होतो.