शिळं पाणी

पहाटे पावणेपाचला मी कोकणनगरची चावी उघडतो.
बावीस फेरे डावीकडे. शेवटचा अडतो कधी कधी,
तेव्हा लोखंडी दांडा खांद्याने रेटायचा.
मग रस्त्याखालून घसा खाकरल्यासारखा आवाज येतो
आणि अख्खं भांडुप कालचं पाणी मोरीत ओततं.
शिळं झालं म्हणे. एका रात्रीत.

माझ्या घरी उलटं.
ताज्या पाण्याला आत प्रवेश नाही.
निळ्या पिंपात ते एक दिवस, जमलं तर दोन,
उघडं पडून राहतं,
अंगातला क्लोरीन उडून जाईपर्यंत.
कुमुद म्हणते, नव्या जावयालासुद्धा
इतकं ताटकळत ठेवलं नसतं कुणी.

खोली म्हणायची, पण आहे ती बंद केलेली बाल्कनी, सहा बाय चार.
दारूखान्यातून आणलेले अँगल, त्यावर बारा काचा,
एक पंप, एक पाइप,
आणि बोटाच्या पेराएवढ्या बारा चाव्या.
दिवसभर मोठ्या फिरवतो, रात्री या.
कमी. अजून कमी. बुडबुडा मोजता आला पाहिजे.

सोसायटीचे वेंगुर्लेकर टेप घेऊन आले.
"एका लिटरचं वजन किती?"
"एक किलो."
"म्हणजे तुम्ही इथे म्हैस बांधलीत."
मी म्हटलं, हो, पण उभी आहे गप.
ते अर्धा तास काचेला नाक लावून बसले.
जाताना हळूच: "यात लाल असतात का हो?"

झेब्रे अंडी घालतात आणि वळून तीच खातात,
म्हणून तळाशी गोट्या पसरल्या.
फटीत घरंगळलं ते वाचलं.
पालिकेच्या शाळेच्या कुंपणापाशी बदामाची पानं वेचली,
चांगली वाळलेली, तांबडी. पाणी कोऱ्या चहासारखं झालं.
कुमुदने अर्ध्यावर सोडलेल्या स्वेटरची
मरून लोकर उसवून झुबके केले, पिकूंसाठी.

पिकू मात्र ऐकेनात.
पेणच्या खाचरातली जोडी,
डोक्यावर चांदीचा ठिपका, एवढाच काय तो तोरा.
वर्षभरात तीनदा अंडी, तिन्ही वेळा पांढरी पडली,
वर कापूस आला.
मी पाणी बदलत राहिलो, दर रविवारी, नेमाने.
नेमानेच बिघडत होतं का, कोण जाणे.

मग मोठी लाइन फुटली.
चावी बंद करायला मीच गेलो, शिव्याही मीच खाल्ल्या,
एका बाईने तर रिकामी कळशी माझ्या पायाशी आपटली.
दुसऱ्या रात्री शेजारची रेहाना दारात,
बारा दिवसांचं बाळ, लंगोटांचा ढीग.
कुमुदने माझ्याकडे पाहिलंच नाही.
पिंपाकडे पाहिलं.
"शिळं आहे," मी म्हटलं.
"चालेल," दोघी एकदम म्हणाल्या.

दोनशे लिटर जिन्यावरच संपलं.
काचांमधलं पाणी चार बोटं खाली गेलं,
झुबके काठाला लोंबायला लागले,
पिकू उथळ पाण्यात दमून गेल्यासारखे.
पाइप दुरुस्त झाला तेव्हा मीही दमलो होतो,
नेम मोडला,
एकच रात्र बसलेलं पाणी, गारेगार,
लोट्याने ओतून दिलं.

सकाळी लोकरीत हात घातला
तर बोटांना बारीक साबुदाणा लागला.
कच्चा नाही, भिजलेला, आरपार दिसणारा.
कोरडं पडणं आणि मग भरून येणं,
एवढंच हवं होतं त्यांना.
आणि मी वर्षभर त्यांना
चोवीस तास पाणीपुरवठा करत होतो.

अंड्यात आधी डोळे येतात.
बाकीचा मासा नंतर.
बारा दिवस दोन काळे ठिपके भिंगातून मला बघत होते,
तेराव्या दिवशी सतरा निघाले, आता अकरा आहेत.
सहा कुठे गेले ते मी मोठ्यांना विचारत नाही.

बाळाला डोळे आता थारावून बघता येतात.
रेहाना त्याला आणून काचेपुढे धरते,
आणि अकरा जणांपैकी एखादा वर येतो.
आमची हिरवी बादली अजून तिच्याकडेच आहे.
मागायची नाही, कुमुदने बजावलंय.