दार

उद्यमबागेत तेव्हा माझं काम एकच:
पंपाची बॉडी टाकीत बुडवायची, हवा सोडायची
आणि बुडबुडे बघायचे.
दहातल्या सहा तरी गळक्या.
मी खडूनं फुली मारायचो, ती परत भट्टीत जायची.
तेच लोखंड आम्ही पुन्हापुन्हा वितळवायचो.

मालक म्हणायचे, वाळू ओली.
वाळूवाला म्हणायचा, लोखंड थंड.
लुमाण्णा मेस्त्री कुणाला काही म्हणायचे नाहीत, लिहायचे.
जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर
कोअरचा नंबर, वाळू कुठली, काकवी किती, वारा कुठला,
ओतणी चहाच्या आधी की नंतर.
आम्ही हसायचो, "चहानं काय भोकं पडत्यात व्हय, मेस्त्री?"
"म्हाईत न्हाई," म्हणायचे,
"म्हणून तर लिवतोय."

दुखणं कुठं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.
आतली वाट हाताच्या कोपरासारखी वळते,
तिथं कोअरचा धूर कोंडतो.
सरळ कोअरला सायकलच्या स्पोकनं भोक पाडता येतं.
कोपरातनं स्पोक कसा वळवायचा?

त्या शनिवारी त्रेचाळीस नंबर बुडवला
आणि पाणी नुसतंच पाणी राहिलं.
हवा वाढवली. आणखी वाढवली.
टाकीत माझा चेहरा दिसला,
चार वर्षांत पहिल्यांदा
न फुटता.

मालक म्हणाले, कुंदा आणा.
मेस्त्रींनी वही उघडली:
"४३. गंगव्वाचा. कडेला दोऱ्याचं टोक. उपटलं नाही, घाई."
मग जळक्या वाळूच्या ढिगात आम्ही दोघं, अंधार पडेस्तोवर.
एका ढेकळात सापडलं ते,
कोपराबरोबर वळत गेलेलं काळं भोक,
मुंगी जाईल एवढं.

सोमवारी सहा कोअरमध्ये दोरा घातला.
सहाच्या सहा गळक्या.

कुंदा तोवर संपला होता.

गंगव्वा वडगावची, घरात दोन माग,
तिच्या पदराला कायम सूत चिकटलेलं.
सहावी बॉडी बुडबुडताना तिनं आमचा दोरा चिमटीत धरून बघितला,
हसली, म्हणाली,
"इदल्ला री. अदु मेणद दार."
हा नव्हे हो. तो मेणाचा होता,
माग बांधायचा.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आठ महिने:
मेण किती, दोरा केवढा जाड, भट्टीत किती वेळ.
त्या आठ महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
वहीत आहे सगळं, एकशे बारा पानं.

आता तपासनीस येतात, पांढऱ्या हेल्मेटातले.
परवा एकानं मेस्त्रींच्या ओळीवर बोट ठेवलं:
"कोअरात दार सोडणे."
म्हणाला, दोरा म्हणायचं असेल यांना,
चुकून कन्नड लिहिलंय, दुरुस्त करा.

पेन माझ्या खिशातच होतं.
"हो" म्हणालो
आणि पान उलटलं.